डिझेल कॅम्परव्हॅन: गाडी घेण्यापासून पावसाळ्यात उभी करेपर्यंत

कॅम्परव्हॅन घ्यायचं ठरलं की माणसं आधी प्लायवूड, गादी आणि छतावरचा पंखा निवडायला बसतात. इंजिनाचा विचार पहिली लाल लाइट लागल्यावर सुरू होतो. हा क्रम उलटा करा. घराला एका जागी उभं राहायचं असतं आणि डिझेल इंजिनाला लांब पळायचं असतं. व्हॅनमध्ये राहताना होणाऱ्या बहुतेक कटकटी या ओढाताणीतून येतात: फिल्टर तुंबतो, बॅटरी उतरते, टाकीत पाणी साचतं.

आम्ही दोघं वर्षातले काही महिने फोर्स ट्रॅव्हलरवर बांधलेल्या व्हॅनमध्ये काढतो. फिरणं मुख्यतः कोकण, देश आणि गोवा, अधूनमधून हिमालय. खालचं सगळं त्यावर बेतलेलं आहे. तुमची व्हॅन दुसऱ्या कंपनीची असली तरी डिझेलच्या बाबतीत फार फरक पडत नाही.

## १. आधी कागद, मग सुतार

जुनी सतरा सीटर ट्रॅव्हलर स्वस्तात मिळते, सुतार ओळखीचा असतो आणि महिन्याभरात सीट काढून पलंग बसतो. अडचण त्यानंतर येते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, आरसीवर लिहिलेली उत्पादकाची मूळ माहिती बदलेल असा फेरफार परस्पर करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा फेरफाराला प्रत्येकी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. प्रत्यक्षात दंडापेक्षा विमा जास्त महागात पडतो. अपघातानंतर सर्व्हेअर आत डोकावतो, कागदावर सतरा सीट आणि आत स्वयंपाकघर दिसतं, आणि क्लेम तिथेच अडकतो.

रस्ते दोन आहेत. पहिला, मोटार कॅराव्हॅन म्हणून मान्यता असलेली तयार गाडी घेणं. यासाठी एआयएस-१२४ हे मानक आहे. बांधणाऱ्याने ‘मान्यता आहे’ असं तोंडी सांगितलं तर प्रमाणपत्राची प्रत मागा, आणि त्यावरचं मॉडेल व व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) तुमच्याच गाडीचा आहे ना ते पाहा. दुसरा रस्ता, गाडी घेऊन बदल करण्याआधी आरटीओकडे परवानगीचा अर्ज देणं. आरसीवर ‘कॅम्पर व्हॅन, खासगी वापर’ असा स्वतंत्र वर्ग नोंदवता येतो. पण एका आरटीओत सहज होणारं काम शेजारच्या जिल्ह्यात अडतं, म्हणून पैसे भरण्याआधी स्वतःच्या आरटीओत प्रत्यक्ष जाऊन विचारा. एजंटच्या ‘होऊन जाईल साहेब’वर सुतारकाम सुरू करू नका.

जुनी गाडी घेताना एवढं बघाच:

- आरसीवर बँकेचा बोजा आहे का, आणि कर्ज फिटलं असेल तर तो उतरवला आहे का.
- पिवळ्या पाटीची गाडी असेल तर परमिट सरेंडर, कर आणि पासिंग कुठवर भरलेलं आहे.
- परराज्यातली असेल तर एनओसी. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त गाडी ठेवली की तिथली नोंदणी लागते.
- बीएस-४ की बीएस-६ (धुराच्या प्रदूषणाची सरकारी मानकं). १ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्यांमध्ये फक्त बीएस-६ ची नोंदणी होते.
- चेसिस नंबर स्वतः खाली वाकून वाचा.

बीएस-४ घ्यावी की बीएस-६? तुम्ही महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक एवढंच फिरणार असाल तर नीट राखलेली बीएस-४ व्हॅन डोक्याला कमी ताप देते. तिच्यात शक्यतो धुराचा फिल्टर नसतो, आणि तालुक्याच्या गॅरेजमध्ये तिला हात लावणारा माणूस मिळतो. उत्तरेत जायचं असेल तर मात्र बीएस-६ घ्या. कारण नवव्या मुद्द्यात आहे.

लायसन्सबद्दल भीती नको. साडेसात टनांपर्यंतची गाडी एलएमव्हीमध्ये, म्हणजे हलक्या वाहनांत बसते, आणि त्याच लायसन्सवर तेवढ्या वजनाचं व्यावसायिक वाहनही चालवता येतं हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे.

फास्टॅग घेताना गाडीचा वर्ग आरसीप्रमाणेच लावून घ्या. कारचा टॅग व्हॅनवर चिकटवला की टोलनाक्यावर वाद ठरलेला. जो वार्षिक पास ऑगस्ट २०२५ मध्ये तीन हजार रुपयांना सुरू झाला, तो खासगी कार, जीप, व्हॅन या वर्गालाच मिळतो आणि मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर चालत नाही.

## २. वजनकाट्यावर जा

व्हॅन बांधून झाली की पाण्याची टाकी, डिझेल, गॅस, भांडी, माणसं, सगळं भरून जवळच्या वजनकाट्यावर न्या. साखर कारखान्याजवळ, खडी क्रशरजवळ, मार्केट यार्डात काटा असतोच. आधी पूर्ण गाडीचं वजन घ्या, मग फक्त पुढची चाकं काट्यावर ठेवून एकदा, आणि फक्त मागची ठेवून एकदा. एकूण वजन आरसीवरच्या आकड्यापेक्षा कमी भरलं तरी मागच्या एक्सलवर जास्त आलेलं असू शकतं. पलंग, बॅटरी, पाणी, सगळं मागेच बसवायची सवय सुतारांना असते.

शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो. ते मागच्या चाकांच्या पुढे, शक्य तितकं खाली हवं. डावी-उजवी बाजूही बघा: ओटा, फ्रिज आणि टाकी एकाच बाजूला आले तर गाडी त्या बाजूला झुकते आणि वळणावर ते जाणवतं.

टायरमधली हवा ठरवायची ती वजन कळल्यावर, दारावरच्या स्टिकरप्रमाणे. जुन्या गाडीच्या टायरचं वयही वाचा. कडेला चार आकडे असतात. २३२२ म्हणजे २०२२ सालचा २३वा आठवडा. नक्षी शाबूत आहे म्हणून आठ वर्षांचा टायर चालवू नका. कॅम्परचे टायर झिजण्याआधी उन्हात तडकतात.

सोलर पॅनल आणि पंख्यासकट गाडीची उंची टेपने मोजा आणि स्टिअरिंगसमोर लिहून चिकटवा. रेल्वेखालच्या मोऱ्यांपुढे जो लोखंडी आडवा खांब असतो, त्यावरचा आकडा वाचल्यावर गाडीतून उतरून मोजायला वेळ नसतो. तळकोकणात खांब नसतात, पण रस्त्यावर वाकलेल्या आंब्याच्या आणि फणसाच्या फांद्या असतात. एसटी जिथून जाते तिथून तुमची व्हॅन जाते, हा साधा अंदाज बहुतेक वेळा बरोबर ठरतो.

## ३. डिझेल इंजिनाला काय लागतं

बीएस-६ व्हॅनमध्ये धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो, डीपीएफ. तो भरला की इंजिन स्वतःच त्याचं तापमान साधारण सहाशे अंशांपर्यंत चढवून काजळी जाळतं. हे होण्यासाठी गाडी काही वेळ एकसारखी पळायला हवी. तुम्ही एका गावात मुक्काम ठोकून रोज दोन किलोमीटरवरच्या बाजारात जाऊन येत असाल तर फिल्टर भरतच राहतो.

म्हणून मुक्काम लांबला तर आठवड्यातून एकदा गाडी महामार्गावर काढा. इंजिन गरम झाल्यावर पंधरा-वीस मिनिटं एका लयीत, टॉप गिअरच्या खालच्या गिअरमध्ये, दोन हजारांच्या वर आरपीएम ठेवून चालवा. फिल्टरची लाइट लागली तर हेच त्याच दिवशी करा, उद्यावर टाकू नका. ही सफाई अर्ध्यात तोडून गाडी पुन्हा पुन्हा बंद केली तर काही इंजिनांत न जळलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइलची पातळी *वाढलेली* दिसली तर खूश होऊ नका. ऑइल पातळ झालं आहे, बदला.

यातला मोठा धोका गवताचा. जानेवारीपासून मेपर्यंत सह्याद्रीच्या पठारांवर गुडघाभर वाळलेलं गवत असतं आणि फोटोला ती जागा सुंदर दिसते. सफाई चालू असताना किंवा घाट चढून आल्यावर सायलेन्सर तापलेला असतो. गाडी गवतावर घालू नका. वणवा लागायला तेवढं पुरतं.

एसीसाठी किंवा बॅटरी भरण्यासाठी उभ्या गाडीचं इंजिन तासन्‌तास चालू ठेवणं हा नव्या लोकांचा आवडता उद्योग. त्यात डिझेल जातं, फिल्टर भरतो, शेजारचा वैतागतो आणि धूर खिडकीतून आत येतो.

काही व्हॅनमध्ये युरियाची वेगळी टाकी असते. ड्रायव्हर मंडळी युरिया म्हणतात ते डीईएफ, म्हणजे शुद्ध पाण्यातलं ३२.५ टक्के युरियाचं द्रावण. निळं झाकण त्याचं. ते डिझेलच्या टाकीत गेलं तर किल्लीही फिरवू नका, टाकी काढून धुवावी लागते. युरिया संपत आला की मीटरवर किलोमीटर उलटे मोजले जातात, आणि शून्यावर गेल्यावर गाडी एकदा बंद केली की पुन्हा सुरू होत नाही. सीलबंद बाटलीच घ्या. सुट्ट्या कॅनमधला स्वस्त युरिया इंजेक्टर खाऊन टाकतो.

टाकी पावच्या खाली जाऊ देऊ नका. पेट्रोल गाडीत तेल संपलं तर भरून निघता येतं, डिझेलमध्ये लाइन हवा धरते. मग डिझेल फिल्टरजवळचा हातपंप दाबत बसा. बहुतेक व्हॅनमध्ये तो असतो, कुठे आहे ते घरीच शोधून ठेवा. त्याच फिल्टरच्या तळाशी पाणी काढायचा स्क्रू असतो. पावसाळ्यात महिन्यातून एकदा खाली बरणी धरून तो ढिला करा आणि तळाशी साचलेलं पाणी काढून टाका. डिझेल गर्दीच्या, महामार्गावरच्या पंपावर भरा, जिथे टँकर रोज रिकामा होतो.

रोज सकाळी गाडी सुरू करण्याआधी ऑइल, कूलंट आणि गाडीखालची जमीन बघायची. ओला डाग दिसला तर बोटाने चाचपा. पाणी, कूलंट, डिझेल, ब्रेक ऑइल प्रत्येकाचा वास आणि चिकटपणा वेगळा असतो. महिन्याभरात नाकाला कळायला लागतं.

## ४. घाट, फेरीबोट, वारा

घाट उतरताना न्यूट्रल करू नका, इंजिन तर मुळीच बंद करू नका. डिझेल गाडीत ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम पंप सहसा इंजिनावर चालतो आणि बहुतेक व्हॅनचं पॉवर स्टिअरिंगही. इंजिन थांबलं की दोन-तीन दाबांनंतर पेडल दगडासारखं होतं. वाचलेल्या डिझेलची किंमत ती काय!

जुन्या ड्रायव्हरांचा नियम पाळा: ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा. व्हॅनमध्ये तो बहुतेक दुसरा किंवा तिसरा असतो. इंजिनाला गाडी धरू द्या. ब्रेक दाबून धरून ठेवू नका. एकदा नीट दाबा, वेग पडला की सोडा. जळका वास आला तर रुंद जागा बघून थांबा आणि अर्धा तास चहा करा. तापलेल्या चाकांवर पाणी ओतू नका, ड्रम आणि डिस्क तडकतात.

कुंभार्ली आणि आंबोली व्हॅनला सोयीचे आहेत. अणुस्कुरा सुंदर आहे पण वळणं आखूड, पहिल्या फेरीत टाळा. वरंध घाट पावसाळ्यात प्रशासन जवळपास दरवर्षी बंद करतं, भोरमध्ये किंवा महाडमध्ये चौकशी केल्याशिवाय त्या बाजूला वळू नका. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, आणि एसटी समोर आली तर वाद न घालता मागे घ्यायची. तिचा ड्रायव्हर तो घाट रोज चालवतो.

कोकणात सागरी मार्गाने खाली जाताना फेरीबोटी लागतात: आगरदांडा–दिघी, वेसवी–बागमांडला, दाभोळ–धोपावे, जयगड–तवसाळ. त्यांच्यामुळे लांबचा वळसा वाचतो, पण व्हॅनचं मागचं शेपूट लांब असतं. ओहोटीला जेट्टीचा उतार तीव्र होतो आणि बोटीच्या फळीवर चढताना मागचा बंपर, स्टेपनीचा पिंजरा किंवा खाली बसवलेली सांडपाण्याची टाकी घासते. भरतीच्या आसपास जा, तिकीटवाल्याला गाडी दाखवा, आणि एकाला खाली उतरवून शेपटाकडे लक्ष ठेवायला सांगा. बोटीवर हँडब्रेक, पहिला गिअर आणि गॅस बंद.

उंच सपाट बाजूची गाडी वाऱ्यावर ढकलली जाते. साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उगीच नाही उभ्या. तिथे आणि खाडीवरच्या लांब पुलांवर वेग पन्नासच्या आत ठेवा. ट्रकला ओलांडताना त्याच्या आडोशातून बाहेर पडलात की जो धक्का बसतो, त्याची तयारी ठेवा.

पुळणीवर गाडी नेऊ नका. गोव्यात किनाऱ्यावर गाडी चालवायला बंदीच आहे, आणि आपल्याकडे भरती येईपर्यंत ट्रॅक्टर मिळेलच असं नाही.

## ५. वीज: आधी बेरीज करा

दुकानदार बॅटरी विकतो, हिशेब तुम्हाला करायचा आहे. आमच्यासारख्या दोघांचा एका दिवसाचा खर्च साधारण असा: १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज ५५० वॅट-तास, दोन पंखे रात्रभर ४००, दिवे आणि फोन १५०, लॅपटॉप ३००. म्हणजे चौदाशे. १०० अँपिअर-तासाची लिथियम फॉस्फेट बॅटरी १२८० वॅट-तास देते, म्हणजे अशा दोन लागतात. घरच्या इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी स्वस्त पडते, पण निम्मीच वापरता येते, वजन दुपटीहून जास्त, आणि चार्ज होताना वायू सोडते. झोपण्याच्या जागेत ती नको.

चारशे वॅटचं पॅनल देशावर हिवाळ्यात हा खर्च भागवतं. जुलैत कोकणात त्यातला पाव भाग मिळाला तरी खूप. तिथे चालत्या गाडीच्या अल्टरनेटरवर, म्हणजे इंजिनावर फिरणाऱ्या जनरेटरवर भागवावं लागतं. गाडीची बॅटरी आणि घराच्या बॅटऱ्या थेट वायरने जोडू नका, मध्ये एकीवरून दुसरी नीट भरणारा डीसी-टू-डीसी चार्जर हवाच. ३० अँपिअरचा चार्जर दोन तासांच्या ड्रायव्हिंगमध्ये आठशेच्या आसपास वॅट-तास भरतो. इंजिनाला पळवायची गरज आणि घराला विजेची गरज इथे एकत्र भागते, म्हणून आम्ही मुक्काम हलवायचा दिवस ढगाळ हवामान बघून ठरवतो.

इंडक्शनचा मोह आवरा. दोन हजार वॅट १२ व्होल्टवर म्हणजे १६५ अँपिअरहून जास्त करंट. मनगटाएवढ्या वायरी, मोठा इन्व्हर्टर, आणि तरीही दोन वेळच्या स्वयंपाकात बॅटरी निम्मी. बॅटरीच्या प्लस टोकापासून वीतभर अंतरात फ्यूज हवा, एवढं वायरमनकडून लिहून घ्या. घरातल्या वायरिंगचा माणूस हे करत नाही, कारण घरात तशी गरज नसते.

## ६. गॅस आणि धूर

पाच किलोचा छोटा सिलिंडर घ्या. तो पेट्रोल पंपांवर आणि गॅस एजन्सीत ओळखपत्रावर मिळतो. १४.२ किलोचा घरगुती सिलिंडर गाडीत बाळगू नका. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला की तळाशी साचतो. म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला जमिनीतून थेट बाहेर उघडणारं भोक लागतं. वरची खिडकी त्याला पुरत नाही. नळी आयएसआय मार्कची, क्लिपने आवळलेली, आणि जोडावर महिन्यातून एकदा साबणाचं पाणी. गाडी हलवायच्या आधी रेग्युलेटर बंद.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म पलंगाजवळ लावा आणि एक लहान अग्निशामक दारापाशी ठेवा, ओट्याच्या मागे नको. थंडीसाठी कोळशाची शेगडी आत घेऊन दारं लावून झोपणं जिवावर बेतू शकतं. महाबळेश्वरच्या डिसेंबरलाही दोन रजया पुरतात.

डिझेलवर चालणारा हीटर घ्यायचा का? महाराष्ट्रात राहणार असाल तर नको. त्याच पैशात छताला चांगला एक्झॉस्ट पंखा बसवा. मे महिन्यात मालवणात त्याचे आभार मानाल.

## ७. पाणी आणि संडास

माणशी दहा लिटर रोज धरा, आंघोळ बादलीने असेल तर. प्यायचं पाणी वेगळ्या कॅनमध्ये. देवळाच्या, शाळेच्या किंवा पंपाच्या नळावर विचारून भरा. मार्चनंतर मराठवाड्यात आणि माणदेशात टँकरवर जगणाऱ्या गावात टाकी भरून मागू नका, शहरातून भरून जा.

भांड्यांचं पाणी विहीर, ओढा, पाणवठा यांपासून लांब. साबणाचं असेल तर टाकीतच ठेवा आणि गटार असलेल्या ठिकाणी सोडा. संडासासाठी दोन पर्याय चालतात. कॅसेटवाला, म्हणजे खालची टाकी बाहेर काढता येणारा, सोयीचा, पण सुलभ शौचालयात रिकामा करावा लागतो, आणि त्यात टाकायचं तीव्र रसायन गावातल्या सेप्टिक टँकमध्ये ओतलं तर टँक बिघडतो. दुसरा कोरडा, लघवी वेगळी करणारा, वर कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा). कोकोपीट कोकणात कुठल्याही रोपवाटिकेत मिळतं. आम्ही कोरड्याचे पक्षपाती आहोत.

## ८. रात्री कुठे थांबायचं

उजेड असताना पोचा, ही एकच गोष्ट पाळलीत तरी निम्मे प्रश्न सुटतात. अंधारात आलेल्या मोठ्या गाडीला गाव संशयाने बघतं आणि त्यात गावाची चूक नाही.

लहान गावात सरपंच किंवा पोलीस पाटलांना भेटा. नाव, गाव, किती दिवस, स्वयंपाक गाडीतच, कचरा परत नेणार, एवढं सांगा. मग देवळाचं पटांगण किंवा शाळेमागची जागा मिळते, वर भाकरीचं आमंत्रणही. खासगी वाडीत थांबलात तर पैसे विचारा. ‘राहू दे’ म्हटलं तरी नारळ-आंबे त्यांच्याकडूनच विकत घ्या.

एमटीडीसीच्या (राज्याच्या पर्यटन महामंडळाच्या) निवासांच्या आवारात पार्किंग, पाणी आणि प्लग मिळतो का ते आधी फोनवर विचारा. राज्याचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं असलं, तरी दाराशी बसलेल्या माणसाला ते माहीत असेल असं धरू नका. महामार्गावर ट्रक थांबतात तो पंप किंवा ढाबा सुरक्षित, फक्त ट्रकच्या बाहेर पडायच्या वाटेत गाडी लावू नका. राखीव जंगलात वनखात्याच्या परवानगीशिवाय मुक्काम नाही. गोव्यात उघड्यावर स्वयंपाक मांडलात तर दंड होतो (२०१९ च्या कायदेदुरुस्तीत तो माणशी दोन हजार आणि गटाला दहा हजार होता), त्यामुळे शेगडी गाडीतच.

आणि गाडीचं तोंड नेहमी बाहेर निघायच्या दिशेने ठेवा.

## ९. राज्याबाहेर जाताना

दक्षिणेला: म्हैसूरहून वायनाडकडे जाणारा बंदीपूरचा रस्ता रात्री नऊ ते सकाळी सहा खासगी गाड्यांना बंद असतो. उटी आणि कोडाईकनालसाठी मे २०२४ पासून ई-पास लागतो.

उत्तरेला: दिल्लीत प्रदूषण वाढलं की बीएस-४ डिझेल चारचाकींवर बंदी येते, आणि दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांचे नियम न्यायालयात वारंवार बदलले आहेत. हिवाळ्यात दिल्लीला लांबूनच वळसा घाला. मनालीहून लाहौलला जायला अटल बोगदा आहे, ऑक्टोबर २०२० पासून खुला, त्याला परमिट नको. रोहतांग खिंडीवरूनच जायचं असेल तर परमिट लागतं आणि डिझेल गाड्यांचा रोजचा कोटा पेट्रोलपेक्षा कमी आहे.

लडाखच्या थंडीत साध्या डिझेलमध्ये मेण धरतं आणि फिल्टर तुंबतो. इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये तिथे उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं हिवाळी डिझेल आणलं. महाराष्ट्रातून भरलेली टाकी वर जाण्याआधी संपवा आणि तिकडचं भरा. युरिया उणे ११ ला गोठतो. लिथियम बॅटरी शून्याखाली चार्ज करायची नसते. गॅसमधला ब्युटेन शून्याच्या आसपास वायू होणं थांबवतो, त्यामुळे सकाळी शेगडी मिणमिणते. सिलिंडर कोमट पाण्याच्या परातीत ठेवा, ज्योत दाखवू नका. डिझेल हीटर इथे उपयोगी, पण विरळ हवेत तो काजळी धरतो. उंचीची सेटिंग असलेलाच घ्या. लेहमध्ये पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं, तेव्हा डाळ कुकरमध्येच.

सोबत हे असू द्या:

- आरसी, विमा, पीयूसी, लायसन्स. डिजिलॉकरमध्ये असले तरी छापील प्रती, कारण घाटात नेटवर्क नसतं.
- मान्यतेचं प्रमाणपत्र किंवा आरटीओची परवानगी, आणि विमा कंपनीला आतल्या फर्निचरसह दिलेली माहिती.
- डिझेल फिल्टर, ऑइल फिल्टर, फॅनबेल्ट, फ्यूज, एक लिटर ऑइल, कूलंट.
- गाडीचं वजन पेलणारा जॅक, टॉमी, लाकडी फळी, चाकाला लावायचे दोन ठोकळे, टो करायचा पट्टा.
- हवेचा पंप आणि गेज. भरवशाचा हवेवाला दर गावात नसतो.

## १०. पावसाळ्यात उभी करताना

जून ते सप्टेंबर गाडी उभी राहणार असेल तर टाकी काठोकाठ भरा. रिकाम्या टाकीत दमट हवा घाम धरते, पाणी तळाला बसतं आणि त्यात शेवाळासारखा चिकट थर वाढतो. किनाऱ्यावरून आलेली गाडी खालून गोड्या पाण्याने धुऊन मगच झाका.

बॅटरी निम्मी भरलेली ठेवून मुख्य स्विच बंद. सिलिंडर काढून घरात. गादी उभी करा, सगळी कपाटं उघडी ठेवा, नाहीतर बुरशी. हँडब्रेक ओढून ठेवू नका, मागचे ब्रेक गंजून चिकटतात. गिअर आणि चाकाला ठोकळे लावा. दर पंधरा दिवसांनी अर्धा तास खरोखर रस्त्यावर चालवा. जागेवर सुरू करून पाच मिनिटांत बंद केलीत तर फायद्यापेक्षा तोटा जास्त, कारण इंजिन तापत नाही आणि ओल आतच राहते.

उंदीर विसरू नका. तांदळाचा एक दाणा आत राहिला तरी ते येतात आणि वायरींचं आवरण कुरतडतात. शेत जवळ असेल तर बॉनेट थोडं उघडं ठेवा, अंधारी उबदार जागा त्यांना आवडते. आणि किल्ली फिरवण्याआधी दर वेळी एअर फिल्टरचा डबा उघडून बघा, घरटं बहुधा तिथेच सापडतं.